यंत्रांनाही असतं हस्ताक्षर!

वर्गातल्या फळ्यावर कुणी खोडसाळपणे काही लिहिलं, तर अक्षराच्या वळणावरून ‘हे अमक्याचंच काम!’ असं तुम्ही लगेच ओळखता. म्हणून लबाड माणूस खोटा कागद हातानं लिहीतच नाही. तो छापून घेतो, नाहीतर त्याची झेरॉक्स काढतो. छापील अक्षर सगळीकडे सारखंच, मग पकडणार कोण? असं त्याला वाटतं, आणि इथंच तो फसतो! कारण यंत्रांनाही स्वतःचं असं वळण असतं. ते वाचणाऱ्या मंडळींना दस्तऐवज तज्ज्ञ म्हणतात. त्यांची हत्यारं म्हणजे भिंग, सूक्ष्मदर्शक, मोजपट्टी आणि भरपूर चिकाटी.

दोन तरुण आणि एक ‘एफ’

या शास्त्रातली एक झकास हकिकत इंग्लंडमधली आहे. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या प्रसिद्ध कवयित्रीच्या सुनीतांची एक छोटी पुस्तिका तिथल्या संग्राहकांना फार प्रिय होती. ‘रेडिंग, १८४७’ असं तिच्यावर छापलेलं होतं. ही सुनीतं पुस्तकरूपानं सगळ्यांसमोर आली ती १८५० साली. म्हणजे ही पुस्तिका त्याच्याही आधीची! साहजिकच तिला भरपूर किंमत येई.

जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या पुस्तकांच्या व्यवहारातल्या दोन तरुणांना मात्र शंका आली. इतकी जुनी पुस्तिका, पण एकाही प्रतीवर कवयित्रीनं कुणाला भेट दिल्याची सही कशी नाही? दोघांनी पुस्तिकेतला मजकूर बाजूला ठेवला आणि कागद तपासायला घेतला.

इंग्लंडमध्ये पूर्वी कागद सुती आणि लिननच्या चिंध्यांपासून बनत असे. १८६१ पासून त्यात एस्पार्टो नावाचं गवत वापरलं जाऊ लागलं, तर रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा १८७४ च्या सुमारास आला. सूक्ष्मदर्शकाखाली या तिन्हींचे धागे वेगवेगळे दिसतात. १८४७ च्या म्हणवल्या जाणाऱ्या त्या पुस्तिकेच्या कागदात काय सापडलं असेल? लाकडाचा लगदा! म्हणजे पुस्तिका आधी छापली आणि कागद नंतर जन्माला आला!

मग त्यांनी अक्षरं तपासली. तेव्हा छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवत. खिळा म्हणजे डोक्यावर उलटं अक्षर असलेला धातूचा छोटा ठोकळा. इंग्रजी ‘एफ’ची वरची आकडी आणि ‘जे’ची शेपटी या ठोकळ्याबाहेर डोकावत असे आणि पटकन मोडत असे. म्हणून पुढे आकडी आत ओढून घेतलेले ‘एफ’ आणि ‘जे’ तयार झाले. पण केव्हा? १८८० नंतर! आणि पुस्तिकेत नेमके हेच नवे खिळे वापरलेले होते. एका वेगळ्या वळणाच्या प्रश्नचिन्हावरून तर छापखानाही सापडला.

या दोघांनी अशा पन्नासच्या आसपास पुस्तिका तपासून १९३४ साली आपला शोध ग्रंथरूपानं मांडला. त्यांनी कुणाला थेट गुन्हेगार म्हटलं नाही. पण सगळ्या पाऊलखुणा एकाच दाराशी जात होत्या. ते दार होतं टॉमस वाइझ यांचं. हे त्या काळातले सर्वांत मान्यवर ग्रंथसंग्राहक. जुनं पुस्तक खरं की खोटं, हे लोक त्यांनाच विचारत! १९३७ साली वाइझ वारले, पण त्यांनी शेवटपर्यंत कबुली दिली नाही. एवढ्या मोठ्या माणसाचं पितळ उघडं पाडलं ते एका ‘एफ’च्या आकडीनं!

झेरॉक्सवरचे तीळ

आता खिळे गेले, झेरॉक्स आली. चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकानं २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात अशा पद्धतीची पहिली प्रत काढली. तिच्यावर फक्त तारीख आणि ‘अॅस्टोरिया’ एवढंच होतं.

या यंत्राच्या पोटात एक गुळगुळीत ड्रम फिरत असतो. त्याच्यावर विजेचा भार दिलेला असतो. उजेड पडला की तिथला भार नाहीसा होतो, अक्षरांच्या जागी मात्र टिकून राहतो. त्या जागांना टोनरची काळी पूड चिकटते, पूड कागदावर उतरते आणि उष्णतेनं वितळून पक्की बसते.

आता समजा, यंत्राच्या काचेवर एक ओरखडा आहे. मग प्रत्येक प्रतीवर त्याच जागी तसाच ठिपका उमटणार. माणसाच्या गालावर तीळ असतो ना, तसा! ओरखडा ड्रमवर असेल तर आणखी गंमत. ड्रम जेवढ्या अंतरात एक फेरी पूर्ण करतो, तेवढ्या अंतरावर तोच डाग पुन्हा उमटतो. ते अंतर मोजलं की ड्रमचा घेर कळतो आणि कितीतरी यंत्रं संशयितांच्या यादीतून बाद होतात.

काचेवरचा साधा मळसुद्धा बोलका असतो. तो पुसला की ठिपका जातो. म्हणजे एखाद्या प्रतीवर तो ठिपका असेल, तर ती काच पुसण्याआधीची, हे उघड आहे.

दोन सह्या तंतोतंत? सावधान!

एका कागदावरची सही कापून दुसऱ्यावर चिकटवायची आणि वर झेरॉक्स काढायची, ही लबाडांची जुनी युक्ती. पण चिकटवलेल्या तुकड्याच्या कडेची पुसट सावली कधी कधी प्रतीत उतरते. ओळी किंचित तिरक्या बसतात. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात! माणूस सही दोनदा अगदी एकसारखी कधीच करत नाही. घरी आईबाबांना लागोपाठ पाच सह्या करायला सांगा, लगेच पटेल.

झेरॉक्समध्ये बरंच काही हरवतंही. पेनचा दाब, शाईचा रंग, खाडाखोडीनं खरवडलेला कागद, यांतलं काही नीट उरत नाही. म्हणूनच कचेरीत ‘मूळ प्रत दाखवा’ असं म्हणतात. तो उगाचचा त्रास नव्हे!

न दिसणारे पिवळे ठिपके

काही रंगीत लेझर प्रिंटर तर गुपचूप स्वतःची सहीच करतात. ते पानभर अतिशय बारीक पिवळे ठिपके छापतात. पांढऱ्या कागदावर ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण निळ्या उजेडात भिंगातून बघितले तर दिसतात. २००५ साली अमेरिकेतल्या एका संस्थेनं अशा एका प्रकारच्या प्रिंटरच्या ठिपक्यांची सांकेतिक भाषा उलगडली. त्यात यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख व वेळ लपलेली होती!

खरी कसोटी

पण चोर पकडणं एवढंच या तज्ज्ञांचं काम नाही. समजा, एक निनावी पत्र आलं आणि संशय एका निरपराध माणसावर गेला. त्याच्या कचेरीतल्या यंत्राचे ‘तीळ’ पत्रावरच्या ठिपक्यांशी जुळले नाहीत, तर त्याची बाजू भक्कम होते. मात्र काच पुसली किंवा ड्रम बदलला की खुणा बदलतात. म्हणून चांगला तज्ज्ञ त्याच सुमाराच्या इतर प्रती मागवतो. पुरावा अपुरा असेल तर ‘सांगता येत नाही’ असं तो स्पष्ट लिहितो. कारण त्याच्या एका घाईच्या शब्दानं कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं.

करून बघा

जवळच्या झेरॉक्सवाल्या काकांना विनंती करून एका कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या दोन प्रती काढून घ्या. त्या एकाच दिशेनं धरून भिंगातून बघा. दोन्ही प्रतींवर एकाच जागी असलेल्या ठिपक्यांभोवती पेन्सिलीनं गोल करा. हे त्या यंत्राचे किंवा तुमच्या कोऱ्या कागदाचे तीळ. आता कोरा कागद उलटा फिरवून तिसरी प्रत काढा. जागा बदललेले ठिपके कागदाचे, न बदललेले यंत्राचे! मग दुसऱ्या दुकानातून आणखी दोन प्रती आणा, सगळ्या एकत्र मिसळा आणि कुठली प्रत कुठल्या दुकानातली ते मित्राला ओळखायला सांगा. बघा, त्याला जमतंय का!