पाणथरी काढली तर?

चौथीतल्या एका मुलाचे डोळे वरचेवर पिवळे दिसत. लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही रक्त वाढेना. शेवटी डॉक्टरांनी पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढण्याचा सल्ला दिला. ‘रोग रक्ताचा, मग अवयव का कापायचा?’ हा त्याच्या आईचा प्रश्न वर्गशिक्षिकाबाईंनी आमच्यापर्यंत आणला. प्रश्न रास्तच आहे.

मुलाला आनुवंशिक स्फेरोसायटोसिस होता. हा रोग बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून येतो. निरोगी तांबडी पेशी मधे दबलेल्या चकतीसारखी असते. तिच्या आवरणाला आतून स्पेक्ट्रिन, अँकायरिन अशा प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो. या जाळीत खोट असली की आवरणाचे बारीक तुकडे गळत जातात. आतला ऐवज जवळपास तेवढाच, पिशवी मात्र लहान. मग पेशी गोल होते.

वर्गात करून पाहा. एक मोठी व एक लहान प्लास्टिकची पिशवी घ्या. दोन्हींत सारखेच पाणी घालून तोंडे बांधा. लहान पिशवी गच्च भरली पाहिजे. आता त्या बांगडीतून ओढा. मोठी, सैल पिशवी वळवळत निघून जाते, लहान अडकते! मुलांचा अंदाज नेमका उलटा असतो.

डाव्या बरगड्यांखालच्या प्लीहेत अशा असंख्य बांगड्या आहेत. सात-आठ मायक्रॉन व्यासाच्या पेशीला तिथे जेमतेम एखाद्या मायक्रॉन रुंदीच्या फटींतून जावे लागते. गोल पेशी अडकते आणि भक्षक पेशी तिला गिळतात. एरवी सुमारे 120 दिवस जगणारी पेशी अशी फार लवकर संपते. तिच्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होते. म्हणून डोळे पिवळे, आणि पुढे कित्येकांच्या पित्ताशयात खडे. लोह मात्र शरीरातच राहते, तेव्हा लोहाच्या गोळ्या इथे काय करणार?

प्लीहा काढल्यावर पेशी गोलच राहतात, पण त्यांना अडवणारे कोणी उरत नाही. त्यांचे आयुष्य वाढते, रक्त भरून येते. आईच्या प्रश्नाचे उत्तर हे.

मग प्रत्येक मुलाची प्लीहा काढावी का? पूर्वी तान्ह्या बाळांचीही काढत. 1952 साली अमेरिकेतील किंग व शूमाकर या शल्यविशारदांनी याच रोगासाठी प्लीहा काढलेल्या पाच अर्भकांना झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद प्रसिद्ध केली. न्यूमोकॉकससारखे कवचधारी जंतू रक्तातून गाळण्याचे कामही प्लीहाच करते, ही गोष्ट तेव्हापासून डॉक्टरांना विसरता आली नाही. म्हणून आज सौम्य रोगात शस्त्रक्रिया करत नाहीत. करायचीच झाली तर शक्यतो मूल सहा वर्षांचे होईपर्यंत थांबतात. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिब यांच्या लसी किमान दोन आठवडे आधी देतात, आणि नंतर पुष्कळदा काही वर्षे पेनिसिलिन. काही ठिकाणी प्लीहेचा थोडा भाग राखूनही ठेवतात.

शस्त्रक्रियेनंतर मूल शाळेत येते, खेळते, वेगळे दिसत नाही. नेमकी इथेच शिक्षकांची गाठ पडते. अशा मुलाला ताप आला तर ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ म्हणू नये. काही तासांत प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते. पालकांना लगेच बोलवावे, दवाखान्यात प्लीहा नसल्याचे आधी सांगावे. मलेरियाच्या भागात तर हे अधिकच. बाईंनी त्या मुलाच्या हजेरीपटावरील नावापुढे तांबड्या शाईने तशी खूण करून ठेवली आहे.