गाभ्याचं नाव, सालीचं काम

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. या पोराला मिठाचं विलक्षण वेड. वर्षाचा असताना खारं बिस्किट हाती आलं, की वरचं मीठ चाटून घ्यायचा आणि बिस्किट टाकून द्यायचा. बोलायला लागला तेव्हा पहिल्या काही शब्दांत 'मीठ' होता. रुग्णालयात त्याला वॉर्डातल्या इतर मुलांचंच साधं जेवण मिळालं आणि सात दिवसांत तो गेला. लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर यांनी 1940 मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली. मुलाच्या अधिवृक्क, म्हणजे अ‍ॅड्रेनल, ग्रंथी बिघडलेल्या होत्या. शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जात होतं आणि घरी तो ही गळती स्वतःच भरून काढत होता. घरच्यांना जो हट्ट वाटला, त्या हट्टावरच पोर जगलं होतं.

अ‍ॅड्रेनल म्हटलं की आपल्याला आठवतं ते अ‍ॅड्रेनॅलिन. शेवटच्या षटकातली धडधड, कुत्रं मागे लागल्यावर पायांत येणारं बळ. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या या ग्रंथींची सारी कीर्ती त्या एका रसायनावर उभी आहे. माझ्या मते ही कीर्ती चुकीच्या खात्यावर जमा झाली. एका वेष्टनात इथे दोन वेगळ्या ग्रंथी नांदतात. आतला गाभा मज्जासंस्थेच्या गोत्रातला; अ‍ॅड्रेनॅलिन त्याचं. बाहेरची साल निराळ्या कुळातली. गाभा काढून टाकला तरी माणूस जगतो. साल निकामी झाली, तर औषधाविना तो थोड्या दिवसांचा सोबती.

मग नाव गाभ्याचं का झालं? त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो म्हणून. इंग्लंडमधल्या हॅरोगेटचे डॉक्टर जॉर्ज ऑलिव्हर आणि लंडनचे एडवर्ड शेफर यांनी 1894च्या सुमारास या ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत सोडला, तेव्हा रक्तदाब तिथल्या तिथे उसळला. 1901 पर्यंत जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने न्यूयॉर्कमध्ये त्यातला शुद्ध पदार्थ वेगळा करून बाजारातही आणला होता. सालीचे हार्मोन पेशींच्या केंद्रकात शिरून जनुकांची कामं बदलतात. त्यांचा मुख्य प्रभाव दिसायला तास लागतात. तमाशा बघायला जमलेल्यांना तेवढा धीर कुठला!

त्यातही गंमत अशी, की गाभा सालीचा मिंधा आहे. सालीतून झिरपलेलं रक्त गाभ्याकडे येतं आणि त्यातल्या भरपूर कॉर्टिसॉलमुळेच नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं अ‍ॅड्रेनॅलिन करणारं विकर तिथे तयार होतं.

सालीत तीन थर आहेत. सर्वांत बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो. मीठ राखायचं आणि पोटॅशियम बाहेर टाकायचं हे त्याचं काम. त्या मुलाला कमी पडलं ते हेच, पण 1940 मध्ये ते कुणाला ठाऊकही नव्हतं. ते वेगळं काढलं गेलं 1953 मध्ये. सर्वांत आतला थर पुरुषी हार्मोनांचा कच्चा माल देतो. मधला, सर्वांत जाड थर कॉर्टिसॉलचा. रक्तातली साखर टिकवणं, रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणं, सुजेला आवर घालणं, सगळं त्याच्याकडे. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला असतं, पहाटे चढू लागतं आणि आपण उठायच्या वेळी शिखरावर असतं. म्हणून त्याची तपासणी सकाळी आठच्या सुमारास करतात.

थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयातून 11 रुग्णांची हकिगत छापली: कमालीचा थकवा, क्षीण नाडी, ओकाऱ्या आणि काळवंडत जाणारी कातडी. अनेकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. कातडी काळी पडते त्याचं कारण मेंदूच्या तळाशी. कॉर्टिसॉल कमी पडलं, की पियुषिका ग्रंथी एसीटीएच हे हुकूमपत्र धाडत सुटते आणि त्याचा अंमल त्वचेतल्या रंगपेशींवरही चालतो. गोऱ्या इंग्रजांत हा बदल चटकन दिसायचा. आपल्याकडे 'उन्हात फिरतोय' म्हणून तो सुटून जातो. जाणकार डॉक्टर मग तळहाताच्या रेषा, हिरड्या आणि जुन्या जखमेचे वण बघतात. आपल्या देशात क्षय अजून हटलेला नाही, तेव्हा हे बघणं जुनं झालेलं नाही.

सालीचं खरं सामर्थ्य जगाला कळलं सप्टेंबर 1948 मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला एडवर्ड केंडॉल यांनी शोधलेलं कॉर्टिझोन हे सालीचंच हार्मोन टोचलं. अंथरुणात कूस बदलणंही जिला जड होतं, ती आठवड्याभरात खरेदीला बाहेर पडली. दोनच वर्षांत हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. तोवर उलटी बाजूही दिसू लागली होती: चंद्रासारखा गोल चेहरा, ठिसूळ हाडं, चढलेली साखर. 2021 मध्ये महाराष्ट्राने त्या बाजूचं भयंकर रूप पाहिलं. कोविडच्या गंभीर रुग्णांना स्टेरॉइडने, म्हणजे कॉर्टिझोनच्याच कुळातल्या औषधाने, वाचवलं, हे खरंच. पण मधुमेह आणि नको तिथे, नको तितकी दिलेली स्टेरॉइड एकत्र आली तेव्हा काळ्या बुरशीने डोळे आणि जबडे नेले.

दुसरा धोका गाजावाजा न करता येतो. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिलं, की पियुषिका हुकूम धाडायचं थांबवते आणि कॉर्टिसॉलची साल सुकत जाते. गुडघेदुखीवर कुणी लेबल नसलेली पुडी देतो. आराम पडतो, कारण अशा काही पुड्यांत स्टेरॉइडच सापडलेलं आहे. महिनोन् महिने घेऊन माणूस ती एक दिवस बंद करतो, त्यात ताप किंवा जुलाब होतात, आणि सुकलेली साल त्या वेळी उभी राहू शकत नाही. रक्तदाब कोसळतो. डॉक्टर स्टेरॉइडची गोळी टप्प्याटप्प्याने उतरवतात ती यासाठी. साल पुन्हा कामाला लागायला कधी कधी वर्षही जातं. ज्यांची ती कायमची गेली आहे, त्यांना कागदावर लिहून देतात: ताप आला तर डोस दुप्पट करा, उलटीत गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन घेऊन थेट रुग्णालय गाठा, आणि कुठलीही शस्त्रक्रिया असली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगा.