पेढीची कीर्द आणि स्मॉलटॉकची इमेज

कल्याण, नगर, परभणी, नांदेड, भोकर करत ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तेलंगणात शिरतो, तेव्हा बाजाराचे पहिले मोठे गाव लागते ते भैंसा. पूर्वी हे आदिलाबाद जिल्ह्यात होते, ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. काळी जमीन, कापूस, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि मराठी, तेलुगू, उर्दू अशा तीन भाषांत चालणारा व्यवहार ही या गावाची ओळख. दसरा-दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि त्याच दिवसांत पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते. अशा एखाद्या कापूस खरेदीच्या पेढीसाठी कोणी स्मॉलटॉकमध्ये छोटा व्यवहारी प्रोग्रॅम लिहायला घेतला, तर पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पुढे येतो: वजन, ओलावा, भाव, उचल, बाकी ही सगळी माहिती साठवायची कुठे? मोठा डेटाबेस सर्व्हर आणायचा, की साध्या साठवणीवर भागवायचे? माझे मत साध्या साठवणीच्या बाजूने आहे. त्या साठवणीचा आराखडाही नव्याने शोधावा लागत नाही. कीर्द आणि खतावणी या जुन्या जोडीत तो तयार आहे.

आधी भाषेची ओळख. स्मॉलटॉक ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात घडली. ॲलन के यांची कल्पना, डॅन इंगल्स यांची बांधणी आणि ॲडेल गोल्डबर्ग यांचे शिकवण्याचे व मांडणीचे काम यांतून ती ७२, ७६ आणि ८० अशा आवृत्त्यांत वाढली. ऑगस्ट १९८१ मध्ये ‘बाइट’ मासिकाने तिच्यावर अख्खा अंक काढला. तिचे वेगळेपण असे की इथे प्रोग्रॅम आणि माहिती यांच्यात भिंत नाही. शेतकरी ही एक वस्तू, काट्याची पावती ही दुसरी, त्या पावतीतला भाव ही तिसरी, आणि या साऱ्या वस्तू स्मृतीत एकमेकींना धरून जिवंत असतात. ‘सेव्ह’ म्हटले की या सगळ्या जिवंत पसाऱ्याचे जसेच्या तसे छायाचित्र एका फाइलमध्ये उतरते. तिलाच इमेज म्हणतात. उद्या सकाळी ती उघडली की काल संध्याकाळी जिथे थांबलो तिथून काम पुढे चालू. तक्ते नाहीत, रकाने नाहीत, वस्तूचे रकान्यात आणि रकान्याचे पुन्हा वस्तूत भाषांतर नाही. १९९६ मध्ये ॲपलमध्ये जन्मलेली स्क्वीक आणि २००८ मध्ये तिच्यातून निघालेली फारो ही तिची आजची मोफत मिळणारी रूपे याच वळणाची आहेत.

म्हणून पहिला मोह असा होतो की इमेजच पुरेशी आहे. रात्री दुकान बंद करताना सेव्ह करावी, झाले. हा मोह टाळला पाहिजे, आणि कारण तात्त्विक नाही. दुपारी तीनला वीज गेली तर सकाळपासूनच्या पावत्या जातात, कारण छायाचित्र कालचे आहे. दर पावतीला सेव्ह करायचे म्हटले तर एका ओळीसाठी सगळी स्मृती डिस्कवर उतरवावी लागते. त्याहून वाईट म्हणजे एखादी वस्तू चुकीने बिघडली आणि त्याच अवस्थेत इमेज सेव्ह झाली, तर बिघाडही इमानाने जपला जातो. आणि प्रोग्रॅम व माहिती एकाच फाइलमध्ये असल्याने, लिहिणाऱ्याने घरी सुधारलेला प्रोग्रॅम दुकानातल्या इमेजमध्ये नेताना दोन्हींची गुंतवळ होते.

इथे स्मॉलटॉकच्याच पोटात दडलेला एक पुरावा पाहण्यासारखा आहे. इमेजच्या शेजारी ‘चेंजेस’ नावाची एक फाइल असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल त्याच क्षणी या फाइलच्या शेवटी साध्या मजकुरात जोडला जातो. इमेज कोसळली, सेव्ह करायची राहिली, तरी ही फाइल वाचून हरवलेले काम पुन्हा करून घेता येते. म्हणजे ही भाषा घडवणाऱ्यांनी स्वतःच्या श्रमासाठी फक्त छायाचित्रावर विसंबून राहणे नाकारले आणि शेजारी रोजची नोंदवही ठेवली. ही सोय कोडपुरती आहे, पेढीच्या पावत्यांना ती लागू नाही. लिहिणाऱ्याच्या कष्टांना जे संरक्षण मिळाले ते शेतकऱ्याच्या हिशेबालाही मिळाले पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.

ही नोंदवही म्हणजे आपली कीर्द. व्यवहार घडला त्या क्रमाने, घडला तसा, तारखेनिशी कीर्दीत उतरतो. पुढे त्यातूनच माणसामाणसाच्या खात्यावर खतावणी होते. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी याच शिस्तीच्या आहेत. या जोडीतला महत्त्वाचा गुण असा की दोन्हींची किंमत सारखी नाही. खतावणी जळाली तर कीर्दीवरून पुन्हा मांडता येते. कीर्द हरवली तर नुसत्या खात्यांवरून कोणत्या दिवशी काय घडले ते सगळे उभे करता येत नाही. स्मॉलटॉकमध्ये स्मृतीतल्या जिवंत वस्तू ही खतावणी, आणि डिस्कवरची एक साधी, फक्त शेवटी जोडत जायची मजकूर-फाइल ही कीर्द. पावती झाली की आधी कीर्दीत ओळ, ती डिस्कवर खरोखर पोचल्याची खात्री, आणि मगच वस्तूंत बदल. आठवड्यातून एकदा वस्तूंचे छायाचित्र काढून ठेवायचे, म्हणजे सुरू करताना सगळी कीर्द पहिल्यापासून वाचावी लागत नाही; मुनीम शिल्लक पुढे ओढतो तसे.

संगणकशास्त्रालाही ही वाट नवी नाही. अँड्र्यू बिरेल, मायकेल जोन्स आणि एडवर्ड वॉबर यांनी १९८७ मध्ये छोट्या डेटाबेसांसाठी नेमकी हीच रचना मांडली: माहिती स्मृतीत, बदलांची नोंद डिस्कवर, अधूनमधून छायाचित्र. २००१ च्या सुमारास ब्राझीलच्या क्लाउस वुस्टेफेल्ड यांनी ‘प्रिव्हेलर’ या नावाने ती जावाच्या जगात लोकप्रिय केली. स्क्वीकसाठी रॅमन लिऑन यांनी २००८ मध्ये ‘सँडस्टोन’ लिहिले. त्यात वस्तू स्मृतीत राहतात आणि प्रत्येक नोंदीची स्वतंत्र फाइल होते. छोट्या कामाला तेही चालते, पण मला एकच सलग कीर्द अधिक भरवशाची वाटते. क्रम हा हिशेबाचा प्राण आहे, आणि हजारो फाइलींत तो विखुरतो.

आता आकाराचा हिशेब करू, कारण साध्या साठवणीवरचा पहिला आक्षेप ‘हे वाढल्यावर पुरेल का?’ हाच असतो. धरून चालू की हंगामात रोज १५० गाड्या तोलल्या जातात आणि हंगाम १०० दिवसांचा आहे. म्हणजे १५,००० खरेद्या. प्रत्येकीमागे काटा, पट्टी, उचलीची वजावट आणि पैसे चुकते अशा चार ओळी धरल्या तर ६०,००० ओळी. एका ओळीत १०० अक्षरचिन्हे. देवनागरी वा तेलुगूचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणून ओळ ३०० बाइटांची. वर्षाला १८ मेगाबाइट. स्मृतीतली वस्तू सढळपणे एक किलोबाइटची धरली तरी वर्षाला ६० मेगाबाइट, सहा वर्षांना ३६०. आज साध्या टेबलावरच्या संगणकात ८ गिगाबाइट स्मृती असते. भैंशातली गजबजलेली पेढीसुद्धा या यंत्राच्या दृष्टीने लहान आहे.

सहा वर्षांचा आकडा मी सहज घेतलेला नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराला १५ नोव्हेंबर २०१७ पासून उलट आकारणीने कर स्वतः भरावा लागतो, तेव्हा खरेदीची पेढी या कक्षेबाहेर राहत नाही. याच कायद्याच्या नियमावलीतला ५६ वा नियम सांगतो की नोंद खोडू नये, पुसू नये, तिच्यावर दुसरी लिहू नये. हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या वा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवावा. डेटाबेसमध्ये रकान्यातली जुनी रक्कम नव्या रकमेने झाकली जाते आणि लॉगची व्यवस्था वेगळी लावावी लागते. कीर्दीत चूक दुरुस्त करायची ती उलट नोंद घालून. कायदा जे मागतो ते इथे मूळ रचनेतच आहे.

कीर्दीत काय लिहायचे यावर मात्र फार विचार हवा, कारण साधेपणा तिथेच टिकतो किंवा बिघडतो. समजा ओळीत फक्त वजन आणि ओलावा लिहिला, आणि भाव काढायचे काम प्रोग्रॅमवर सोडले. कॉटन कॉर्पोरेशनच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण हमीभाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, आणि त्यापुढे माल नाकारला जातो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ८,११० झाला. पेढीही आपला भाव याच आकड्यांकडे पाहून ठरवते. प्रोग्रॅममधला नियम नव्या वर्षी बदलला आणि जुनी कीर्द त्याने पुन्हा वाचली, तर गेल्या वर्षीच्या शेतकऱ्याच्या पट्टीतली रक्कम आपोआप बदलेल. हा गुन्हाच होय. म्हणून त्या दिवशी काट्यावर जे ठरले ते सगळे ओळीत हवे: वजन, ओलावा, लावलेला भाव, कपात, हमाली आणि ठरलेली रक्कम. रक्कम पैशांत, पूर्णांकात. स्मॉलटॉक कितीही मोठा पूर्णांक आणि नेमका अपूर्णांक जसाच्या तसा सांभाळते, दशांशाच्या गोळाबेरजेत पडण्याचे कारण नाही. आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याचे एकक. या मुलखाला हे वेगळे सांगायला नको. निजामाच्या राज्यात हाली रुपया आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया शेजारी शेजारी चालत, आणि कोणता रुपया हे लिहिले नसेल तर जमेचा आकडा निरर्थक होता. आज क्विंटल, किलो आणि १७० किलोची रुईची गाठ एकाच पेढीत नांदतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: एकाच वेळी काट्यावरचा माणूस, गादीवरचा मुनीम आणि रोखपाल तिघे लिहितील तेव्हा काय? उत्तर असे की इमेज एकच ठेवायची, आणि तिघांनी तिच्याशी ब्राउझरमधून बोलायचे. एव्ही ब्रायंट आणि ज्युलियन फिट्झेल यांची ‘सीसाइड’ ही स्मॉलटॉकची चौकट २००२ पासून यासाठीच आहे. देवनागरी आणि तेलुगूची जोडाक्षरे दाखवण्याचे कामही मग ब्राउझर नीट करतो, जे स्क्वीकच्या स्वतःच्या पडद्यावर दीर्घकाळ दुखणे होते. लिहिण्यापुरती एकाने आत जायचे, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचे, असे एकच कुलूप पुरते. दोन गावांतल्या दोन पेढ्यांना एकच जिवंत हिशेब हवा असेल, तर मात्र ही रचना अपुरी आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तिथे जेमस्टोनसारखा वस्तूंचा डेटाबेस किंवा पोस्टग्रेससारखा सर्व्हर शोभतो. १९९७ मध्ये क्रायस्लर कंपनीने सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचा पगार स्मॉलटॉक आणि जेमस्टोनवर चालवला, ते काम त्या जातीचे होते.

मग थेट सर्व्हरच का नको, मोठे झाल्यावर बदलण्यापेक्षा? कारण सर्व्हर हे आणखी एक यंत्र आहे. ते बंद पडते, त्याची आवृत्ती बदलते, त्याचा पासवर्ड हरवतो. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये एसक्यूलाइट लिहिले ते अशाच अनुभवातून. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी ते प्रोग्रॅम लिहीत होते. डेटाबेस सर्व्हर उत्तर देईनासा झाला की काम थांबे आणि दोष मात्र त्यांच्या प्रोग्रॅमला लागे. सर्व्हरच नसलेला, एका फाइलमधला डेटाबेस त्यातून जन्मला. हंगामात दारात गाड्यांची रांग असताना भैंशाच्या पेढीला हेच दुखणे परवडणार नाही. एसक्यूलाइट हा माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पर्याय आहे, विशेषतः सनदी लेखापालाला स्वतः उलटसुलट प्रश्न विचारायचे असतील तेव्हा. तरीही त्यात वस्तूंचे रकान्यांत भाषांतर करावे लागतेच. ते भाषांतर किती खोल पाण्यात नेते हे स्मॉलटॉकच्या लोकांनी आधी अनुभवले. पुढे जावाच्या जगात गाजलेले ‘टॉपलिंक’ हे या कामाचे साधन कॅनडातल्या एका कंपनीने प्रथम स्मॉलटॉकसाठी बांधले होते. कीर्द हाच मूळ दस्तऐवज मानला, तर तिच्यावरून हवी तेव्हा एसक्यूलाइटची फाइल भरून लेखापालाला देता येते. उलट दिशेने जाणे कठीण आहे.

राहिला तो सर्वांत प्रामाणिक आक्षेप: स्मॉलटॉक जाणणारा माणूस निघून गेला तर? निर्मल-नांदेडच्या पट्ट्यात ही भाषा लिहिणारे सहज सापडणार नाहीत, हे खरे. ते कौशल्य मोठ्या शहरांत आहे, जिनिंगच्या गावात नाही. म्हणूनच माहिती इमेजच्या पोटात कोंडून ठेवायला माझा विरोध आहे. इमेज उघडायला स्मॉलटॉक लागते. कीर्दीतली ओळ, ‘११ नोव्हेंबर, पावती ४१२, कापूस, १४ क्विंटल ३० किलो, ओलावा ९ टक्के’ अशी सुरू होणारी, कोणत्याही संगणकावर, कोणत्याही मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये, मराठी वाचणाऱ्या कोणालाही कळते. स्मॉलटॉक गेली तरी हिशेब जात नाही. मग प्रोग्रॅमसाठी भाषा निवडताना पेढीला फार मोठी जोखीम घ्यावी लागत नाही.

उरते ती रोजची निगा. संध्याकाळी कीर्दीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानाबाहेर, दुसऱ्या छपराखाली जावी. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी पेढी शांत असते तेव्हा, कोऱ्या इमेजमध्ये फक्त प्रोग्रॅम घालून त्या प्रतीतली सगळी कीर्द पहिल्या ओळीपासून वाचून घ्यावी. प्रत्येक शेतकऱ्याची बाकी, प्रत्येक व्यापाऱ्याचे येणे, रोख शिल्लक हे चालू इमेजमधल्या आकड्यांशी पैशापर्यंत जुळवावे. जुळले नाही तर फरक कोणत्या तारखेच्या कोणत्या ओळीपासून पडला हे कीर्दच दाखवते. तो शोधून दुरुस्तीची उलट नोंद घालावी, आणि मग नव्या हंगामाची पहिली गाडी काट्यावर घ्यावी.