चक्रव्यूह आणि पंचाची मर्जी

कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढण्याचे कोडे तुम्ही सोडवले असेलच. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या दोघी अर्थतज्ज्ञांनी ते उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या शाळकरी मुलांना घातले. त्यांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. उच्च मानलेल्या जातींची मुले ३२१, खालच्या मानलेल्या जातींचीही ३२१. कोडी सोडवल्याबद्दल पैसे मिळायचे. जात जाहीर केली नाही, तेव्हा दोन्ही गट बरोबरीचे ठरले. ती सर्वांसमक्ष पुकारताच मात्र दुसरा गट मागे पडला!

असे का व्हावे? कष्ट करणे हीदेखील एक पैजच असते. आज घाम गाळायचा, तो उद्याच्या मोबदल्याच्या भरवशावर. पंचच पक्षपाती वाटला, तर पैज लावायला मन धजेल काय?

पुढच्या प्रयोगात हेच तपासले. मोबदला ठरलेल्या नियमाने आपोआप मिळणार असला, की जात पुकारूनही फरक पडत नसे. देणाऱ्याच्या मर्जीला वाव ठेवला, की पडे. म्हणजे उणीव मुलांच्या बुद्धीत नव्हती, न्यायावरच्या विश्वासात होती.

परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक का लिहितात, हे आता तुमच्या लक्षात आले ना?