पानाची पाचके आणि अळी

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे ढिवर समाज ऐनाच्या पाल्यावर टसर कोशाचे किडे पाळतो. किडा पाला फस्त करतो नि लठ्ठ होतो. पण परसातल्या पपईचे पान बहुतेक अळ्यांना सोसत नाही. असे का? तिच्या चिकात पपेन नावाचे पाचक असते. ते प्रथिने तोडते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात ती याचसाठी. २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी पानातला चीक धुऊन काढला, तर तेच पान एरीच्या रेशीमकिड्याला आणि तंबाखूवरील अळीला बाधेनासे झाले. टोमॅटोच्या पानातही पेशींच्या भिंतींलगत अशीच पाचके रोगाशी झुंजतात. झाड मुके खरे, पण निःशस्त्र नाही. मात्र हा चीक आपलीही कातडी भाजतो. पपई तोडताना डोळे जपा, हात लगेच धुवा.