सिलिंडर भरलेला, तरी हीटर बंद: फॉल सीझनमध्ये एकट्यानं मोटरहोम

(पॉडकास्टच्या या भागाचं थोडं संपादित लिखित रूप)

मोटरहोमबद्दल बोललो की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "एवढी मोठी गाडी घाटात चढेल का?" चढते. भाड्यानं मिळणाऱ्या २५ फुटी गाडीला इंजिन पुरेसं असतं. एकट्यानं जाणाऱ्यानं विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: रात्री झोपायचं किती उंचीवर? आज त्याबद्दल बोलू.

उदाहरणासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा नैऋत्य कोपरा घेऊ, म्हणजे सॅन वान पर्वत. ड्युरँगोहून निघालं की सिल्व्हर्टन आणि मग युरे. रस्ता यूएस ५५०. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथली अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीजर्द होतात. हा रंग जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो, त्यामुळे सगळे याच दिवसांत जातात. आणि नेमके याच दिवसांत रात्री गोठायला लागतं.

उंची आणि थंडी

ड्युरँगो साधारण ६,५०० फुटांवर, युरे ७,८०० आणि सिल्व्हर्टन ९,३००. ढोबळ हिशेब असा की १,००० मीटर वर गेलं की तापमान साधारण ६.५ अंश सेल्सियसनं उतरतं. म्हणजे ड्युरँगो आणि सिल्व्हर्टनमध्ये पाच-साडेपाच अंशांचा फरक नुसत्या उंचीचा. त्यात सिल्व्हर्टन डोंगरांनी वेढलेल्या सपाट खोऱ्यात आहे. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोऱ्यात साचते. दुपारी टी-शर्टवर फिरलेल्या गावात पहाटे पारा शून्याखाली जाणं तिथे नेहमीचं आहे.

हीटर कशावर चालतो?

सगळ्यांना वाटतं, प्रोपेन गॅसवर. अर्धंच खरं आहे. उष्णता गॅस देतो, पण ती गरम हवा आत ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. हा पंखा साधारण ७ अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत हीटर निम्मा वेळ चालू राहिला तर ३५ अँपिअर-अवर गेले.

आता साठा बघा. १०० अँपिअर-अवरची एक साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी धरू. तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ५०. थंडीत तिची क्षमता घटते, शून्य अंशाला साधारण ८० टक्के उरते, म्हणजे हातात राहिले ४०. त्यातून दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं कंट्रोल आणि फोन चार्जिंग. हिशेब जेमतेम जुळतो. आणि रात्र जास्त थंड निघाली, हीटर सतत चालला, तर ७० लागतात. मग पहाटे तीनला सिलिंडर भरलेला असतो, पण हीटर बंद. लिथियमची बॅटरी असेल तर जास्त वापरता येते, पण शून्याखाली ती चार्ज करायची नसते. हेही लक्षात ठेवा.

म्हणून नियम सोपा: फिरायचं उंचावर, झोपायचं खाली, आणि शक्यतो विजेचं कनेक्शन असलेल्या जागेत. सिल्व्हर्टन दिवसा बघा, मुक्काम युरे किंवा ड्युरँगोला करा. पाण्याची नळी झोपण्याआधी काढून ठेवा, नाहीतर सकाळी ती काठीसारखी ताठ होते. आणि कितीही गारठलात तरी उबेसाठी स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एकट्या माणसाला हलवून उठवणारं कोणी नसतं. गाडी ताब्यात घेतानाच डिटेक्टरचं बटण दाबून बघा.

घाटात

सिल्व्हर्टन ते युरे या टप्प्यात रेड माउंटन पास लागतो, ११,००० फुटांहून थोडा उंच. युरेजवळच्या दरीच्या भागात बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे सिल्व्हर्टनहून युरेला जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूला असता आणि उलट दिशेनं येताना दरीच्या कडेला. पहिल्यांदा जात असाल तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जा.

उतरताना आपल्या ट्रकवाल्यांचा जुना नियम कामाला येतो: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर किंवा टो-हॉल मोड असतो. ब्रेकवर सतत पाय ठेवला की तो तापतो आणि पकड जाते. ठामपणे दाबा, वेग कमी करा, सोडा. मागे रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला थांबा आणि त्यांना जाऊ द्या.

एकटं असणं म्हणजे नेमकं काय

आमच्या कामात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, म्हणजे जो एक भाग बंद पडला की सगळंच बंद पडतं. इथे तो भाग तुम्ही स्वतः. गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे" म्हणणारं कोणी नसतं. म्हणून सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी पुल-थ्रू जागा बुक करा. मागे घ्यावीच लागली तर आधी उतरून चालत बघून या. अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचा.

डोंगरात फोनची रेंज मध्येच जाते. नकाशे आधीच डाउनलोड करा आणि एका माणसाशी वेळ ठरवा: रोज संध्याकाळी सातला मेसेज, नऊपर्यंत आला नाही तर त्यानं कुठे फोन करायचा. हा माणूस अमेरिकेतलाच ठेवा. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसहा. आईला मेसेज जरूर करा, पण तिथून ९११ लागत नाही. तिला फक्त काळजीच करता येईल.

आणि हो, कुकर न्या. सिल्व्हर्टनच्या उंचीवर पाणी ९०-९१ अंशांलाच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

निघताना एकच हिशेब कागदावर मांडा: आज रात्री किती अँपिअर-अवर लागणार आणि माझ्याकडे किती आहेत. उत्तर जुळत नसेल तर उजेड आहे तोवर खाली उतरा. अ‍ॅस्पेन उद्याही पिवळेच असतील.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू लवकरच.