नाव बापानेच सांगावे

मैत्रिणींनो, तिसरीही मुलगीच झाली की घरातले चेहरे कसे उतरतात, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. "बारसे कशाला आता?" असेही कोणी म्हणून जाते. सातारा जिल्ह्यात अशाच नाराजीतून कितीतरी मुलींची नावे 'नकुशी' पडली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली.

परवा आमच्या दांडीत एका बारशाला असाच एक बाप ओट्यावर गप्प बसून होता. बाळाच्या आत्याने हट्टाने त्याला आत बोलावले, "दादा, नाव तूच सांग!" जरा घुटमळला, मग पाळण्यावर वाकून म्हणाला, "सागरी." पोरीने त्याचे बोट घट्ट धरले. मग काय, स्वारी स्वतःच घुगऱ्या वाटायला उठली!

तेव्हा बारसे टाळू नका. बाराव्या दिवशी जमले नाही तर सवडीने करा, मूठभर घुगऱ्याही पुरतात. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांत कराच. नाव ठरले नसले तरी नोंद होते, आणि पुढे वर्षभरात ते फी न भरता दाखल करता येते.